पाणी किंवा पानी

फुला वजनकाट्यावर उभी राहिली आणि मेश्राम सिस्टरने आकडा बघून कपाळावर हात मारला.

"काकू, अख्खी विहीर पिऊन आल्या का काय?"

फुला काट्यावरून उतरली. पायात चप्पल अडकवायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "नाई वं माय," ती म्हणाली. "मोजून पेते. लिवते न मी."

"मंग हे चार किलो कुठून आले? हवेनं?"

फुलाने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा नवरा. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून मी तिच्या पिशव्या धरून उभा होतो.

"भोयर काका, तुमी तं लक्ष द्या," सिस्टर म्हणाली. "यायले लघवी होत नाही. जे पेलं थे अंगातच राह्यते. आधी पायात, मंग छातीत. पान्याबाहेर राहून मानूस बुडते, काका. मी पाह्यले हायेत असे."

ती चांगली बाई होती. ओरडायची, पण फुलाला सुई टोचताना स्वतः ओठ चावायची.

फुलाची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही आर्वीहून सकाळच्या बसने वर्ध्याला जायचो. चार तास ती डायलिसिसच्या मशीनवर, मी बाहेरच्या बाकावर. दिवसाला सगळं धरून एक लिटर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सगळं म्हणजे पाणी, चहा, दूध, ताक, वरणसुद्धा. मे महिना होता, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. आर्वीत त्या दिवसांत कावळेसुद्धा नळाच्या तोटीवर चोच उघडी ठेवून बसतात. तिथे दिवसाला एक लिटर.

त्या मंगळवारी मशीनने तिच्या अंगातलं जमेल तेवढं काढलं. सगळं निघालं नाही. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "तुमाले वाटते का मी चोरून पेते म्हनून?"

"नाही," मी म्हणालो. पण मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला होता, आणि तो तिच्या लक्षात आला.

*

घरी पोचल्या पोचल्या पुण्याहून कल्याणीचा फोन आला. ही आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात मोठ्या कंपनीत होती. कंपनी काय करते ते मला कधी नीट कळलं नाही, पण दिवसभर आकड्यांचे तक्ते बनवायचे हे तिचं काम.

आईसाठीही तिने एक तक्ता बनवला होता. पाडव्याला आली तेव्हा माझ्या फोनमध्ये टाकून दिला. त्याआधी आमची बाटली होती. सकाळी लाल झाकणाची एक लिटरची बाटली भरायची, दिवसभर त्यातूनच प्यायचं, चहा झाला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. कल्याणीला ते अडाणी वाटलं. तिचा तक्ता तिला पुण्यातही दिसायचा. एका रकान्यात काय घेतलं, दुसऱ्यात आकडा. त्यातच बीपी लिहायचं, साखर लिहायची, गोळ्या लिहायच्या, म्हणजे डॉक्टरांना दाखवायला सोपं. सगळ्यात वर एक चौकट होती. त्यात आज किती झालं आणि किती शिल्लक आहे ते आपोआप यायचं. मर्यादेत असलं की हिरवी, वर गेलं की लाल.

"बाबा," ती फोनवर म्हणाली, "मी आत्ता सगळे दिवस बघितले. सगळे हिरवे आहेत. एकही लाल नाही."

"हाव, मीही पाह्यलं."

"मग वजन वाढतं कसं?"

"सिस्टर म्हणते, पानी जास्त होऊन राह्यलं."

"पाणी, बाबा."

"तेच."

"म्हणजे कुणीतरी पितंय पण लिहीत नाहीये. तुम्ही दयेपोटी देता, नाहीतर आई चोरून पिते. दोनच गोष्टी होऊ शकतात. तुमचं ऑपरेशन झाल्यापासून कोण लिहितं?"

"सकाळचा चहा न गोळ्यांचं पानी मी लिहितो. डॉक्टर म्हणाले फोन जास्त पाहू नका, म्हणून दिवसभराचं तिचं तीच लिहिते."

"आई लिहिते?"

"चौथी शिकलेली हाय तुझी आई. लिहिता येते तिले."

"मी उद्या येते," कल्याणी म्हणाली. "शुक्रवारपर्यंत तिथूनच काम करीन. शुक्रवारी वजन पुन्हा असंच निघालं, तर मी आईला पुण्याला घेऊन जाणार. चोवीस तास बाई ठेवीन. मला ती हवी आहे, बाबा. तुम्हाला जमत नसेल तर मी करीन."

फोन स्पीकरवर होता. फुला बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. पायांच्या घोट्यांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

हिवाळ्यात आम्ही पंधरा दिवस पुण्याला राहून आलो होतो. कल्याणीचं घर अकराव्या मजल्यावर होतं. फुला दिवसभर खिडकीशी बसायची, आणि संध्याकाळी कल्याणी आली की विचारायची, आज गाडी लवकर भेटली का. दुसरं बोलायला काही नव्हतं. परतीच्या गाडीत तिने मला एकच गोष्ट सांगितली होती. "काईही झालं तरी मले तिथं मरू देजा नोका."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "शुक्रवार म्हंजे किती दिस झाले?"

"तीन."

"बरं," ती म्हणाली. "पाहू."

*

कल्याणी बुधवारी सकाळी आली. आईच्या पायाशी बसली, घोट्यावर बोट दाबून खळगा पाहिला आणि डोळे पुसून उठली. मग तिने घराची झडती घेतली.

मी ती झडतीच म्हणेन. बाजेखाली पाहिलं, देवघरातला पाण्याचा गडवा उचलून पाहिला, कुलरची टाकी उघडून पाहिली. माठावर ओगराळं होतं ते काढून कपाटात ठेवलं. शेवटी न्हाणीघरातून तांब्या घेऊन बाहेर आली.

"हा आत कशाला आहे?"

"ठेव थो तिथं," फुला म्हणाली.

"आई, न्हाणीघराचं दार लावल्यावर तू काय करतेस ते कुणाला दिसत नाही. तांब्या आत राहणार नाही."

"मंग ढुंगन कायनं धुऊ? तुझ्या कम्पुटरनं?"

मला हसू आलं. कल्याणीला नाही आलं. पण तिने तांब्या परत ठेवला, आणि वाकताना तिचे खांदे हलले ते मी पाहिले.

दुपारी ती आमच्यासमोर बसली. ऑफिसात बोलत असेल तशी बोलली. "मी कशालाच हात लावणार नाही. तुम्ही रोज करता तसंच करा. आई, तू पिशील ते तूच लिही. मला फक्त बघायचंय चुकतंय कुठे. आणि आई, एकच मागते. खोटं लिहू नकोस."

"मी खोटं नाई लिवत."

"बरं."

"बरं म्हनते, पन तुझ्या तोंडावरून तं वाटत नाई."

"आई, मला त्रास होतो म्हणून बोलते ना. तुला पानी—" ती अडखळली, "पाणी देताना बाबांचा जीव तुटतो ते मला माहीत नाही का?"

हे अडखळणं आमच्या घरात जुनं होतं. बारावीपर्यंत कल्याणी आमच्यासारखीच बोलायची. पुण्याला कॉलेजात गेली, तिथे होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी तिने पानी मागितलं आणि अख्खं टेबल हसलं. महिनाभर मुली तिला पानीवाली म्हणत. दिवाळीत घरी आली तेव्हा तिचे सगळे ण जागच्या जागी बसले होते. आम्हालाही सुधारायला लागली. मला काही वाटलं नाही. लाईनमन असताना आमचे साहेब माझ्या रिपोर्टातल्या प्रत्येक न चा लाल पेनने ण करायचे. बोलताना नाही, पण लिहिताना माझा हात तेव्हापासून सुधारला होता. फुलाला मात्र लागलं होतं. कारण मुलीच्या नावातच ण होता. "आई, कल्यानी नाही, कल्याणी," असं पोरीने दोनदा सांगितलं, आणि त्यानंतर बरेच दिवस फुलाने तिला नुसतं "बाई" म्हणून हाक मारली.

*

गुरुवारी उन्हाने कौलं तडकतील असं झालं. कल्याणी कुलरसमोर लॅपटॉप घेऊन बसली होती. कानात तारा, समोर कुठली तरी मीटिंग. फुला बाजेवर. मी दारात ओला पडदा बांधत होतो.

फुला प्यायची तेव्हा मापाच्या पेल्यातूनच प्यायची. सकाळपासून त्यातून दोन पेले ताकही झालं होतं. पाणी तोंडात धरायची, गालात इकडून तिकडे फिरवायची, मग गिळायची. पेला ठेवून लगेच फोन घ्यायची आणि एका बोटाने लिहायची. त्या छोट्या अक्षरांवर बोट नीट पडायचं नाही, म्हणून जीभ दातात धरायची. लिहून झालं की वरची हिरवी चौकट बघायची.

"किती राह्यलं?" मी विचारलं.

"साडेचारशे."

"संध्याकाळपर्यंत?"

"हाव. चांगलं राह्यलं आज."

चारच्या सुमारास कल्याणीने कानातल्या तारा काढल्या. आईकडे बघितलं. फुलाचे ओठ सुकून सालं निघाली होती. कल्याणीने आपला फोन उघडून चौकट बघितली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"आई, अजून चारशे शिल्लक आहेत तुझे. घे ना थोडं."

"राहू दे. रातच्याले लागन."

"रात्रीचे धरूनसुद्धा दोनशे घेऊ शकतेस. घे. थांब, मीच देते."

तिने स्वतः माठातून पेला भरला. काठोकाठ. आईच्या हाताला हात लावून पाजला. फुला प्याली, आणि डोळे मिटून म्हणाली, "आज तं चैन हाय बाप्पा."

कल्याणी हसली. "बघा, बाबा. नीट मोजलं की कमी पडत नाही."

फुलाने फोन घेतला, जीभ दातात धरली, आणि लिहिलं.

जेवणं झाल्यावर तिला आडवं पडवेना. पडली की खोकला, खोकला की उठून बसायची. मी भिंतीला दोन लोड लावले आणि ती बसल्या बसल्या डोळे मिटून राहिली. श्वास घेताना आतून बारीक आवाज यायचा, दुधाला कढ येताना येतो तसा. कल्याणीने तिचे पाय उघडून पाहिले. मांडीपर्यंत सूज चढली होती.

तिने पुन्हा चौकट बघितली. हिरवी.

"बाबा, तुम्ही माझी शपथ घ्या. तुम्ही दिलं नाही?"

"तुझी शपथ. एक थेंब नाही."

मग ती आईकडे वळली. "आई."

फुलाने डोळे उघडले नाहीत. "लिवलं मी," ती म्हणाली. "बंदं लिवलं, सगळं."

"आई, मी ओरडणार नाही. कुठे पितेस तेवढं सांग."

"लिवलं म्हनते न वं!"

एवढं मोठ्याने बोलायचा दम तिच्यात नव्हता. त्यानंतर ती बराच वेळ खोकत राहिली. कल्याणी उठून अंगणात गेली. मी मधे बसलो होतो. एका बाजूला बायको, एका बाजूला मुलगी. दोघींपैकी एक खोटी होती, आणि मला दोघींवर विश्वास होता.

*

शुक्रवारी बस नको म्हणून गाडी केली. मेश्राम सिस्टरने काट्याकडे पाहिलं आणि या वेळी विनोद केला नाही. "लवकर घ्या यायले," एवढंच आत ओरडली.

मशीन सुरू झालं. तासाभराने फुलाचा श्वास जरा खाली बसला. आम्हाला आत जाऊ दिलं. कल्याणी तिच्या उशाशी उभी राहिली.

"रविवारच्या गाडीत जागा बघते," ती म्हणाली. फोन हातात होताच. "बाबा, तुम्हीही चला. तिथे दोन-तीन महिने राहू. तिथल्या डॉक्टरांना दाखवू."

"कल्याणी, जरा थांब."

"किती थांबू? काल मी घरात होते. माझ्या डोळ्यांसमोर. तरी हे. अजून एकदा असं झालं तर..."

पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नळी बघत सिस्टर म्हणाली, "पोरगी बरोबर बोलते, काका. पुन्यालेच न्या."

फुलाने डोळे उघडले. तिने कल्याणीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"अवो," ती म्हणाली, "एकडाव वाचा तं खरं मी काय लिवलं थे. कोनी वाचतच नाई. बंदे थे हिरवं डबडंच पाह्यतेत."

"आई, आता वाचून काय—"

"तुले नाई सांगितलं. तुह्या बाबाले सांगितलं."

मी खिशातून फोन काढला. चौकटीच्या खाली फुलाने काय काय लिहिलंय हे मी ऑपरेशन झाल्यापासून वाचलं नव्हतं. चष्मा वर केला, फोन डाव्या डोळ्याजवळ धरला आणि वाचायला लागलो.

"बुधवार. चहा ऐंशी, हे माझं. गोळीसोबत पाणी पन्नास, हेही माझं. मंग... पानी दीडशे. च्या साठ. पानी शंभर. वरन शंभर. पानी दोनशे."

"पाणी," कल्याणी म्हणाली. ती मान खाली घालून गाड्या बघत होती. सवयीने तोंडातून गेलं.

"पानी ऐंशी," मी पुढे वाचलं.

"बाबा, पाणी. आणि वरण."

"मी नाही म्हणत," मी म्हणालो. "इथं लिवलंच तसं हाय."

"कसं?"

"पानी. नळाचा न."

तिचा अंगठा फोनवर तसाच राहिला. मग तिने माझ्या हातातून फोन घेतला. ओळी वर सरकवल्या, खाली सरकवल्या. परत वर. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं तिला चक्कर येते. मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"आई," ती म्हणाली, "तू पानी लिहितेस?"

"मंग काय लिवू? पानीच तं पेतो आपन."

"काय झालं?" मी विचारलं.

तिने मला सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मशीनच्या घरघरीत मला अर्धं ऐकू आलं. तक्त्यात बीपी होतं, साखर होती, गोळ्या होत्या. सगळे आकडे मिळवून चालणार नव्हतं. म्हणून तिने तक्त्याला सांगून ठेवलं होतं, की ज्या ओळीत पाणी किंवा चहा किंवा दूध किंवा ताक किंवा वरण असं लिहिलेलं असेल, फक्त तिथलेच आकडे धर. बाकीचे सोडून दे. तक्त्याने सांगितलं तेवढं केलं. पानी त्याला माहीत नव्हतं. च्या माहीत नव्हता. वरन माहीत नव्हतं. तो फक्त माझ्या ओळी आणि तिचं ताक मिळवत होता.

"म्हणजे तिनं लिवलेलं..."

"ताक सोडलं तर एकही धरलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून एकही नाही, बाबा." ती आता स्टुलावर बसली. "आणि वर शिल्लक दाखवत राहिलं. ती शिल्लक बघून पीत राहिली."

"माझी चूक झाली का?" फुलाने विचारलं.

"नाही आई."

"मंग कोनाची?"

कल्याणी फोनवर काहीतरी करायला लागली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. जिथे पाणी लिहिलेलं होतं तिथे तिने पुढे एक स्वल्पविराम दिला, आणि पानी लिहिलं. तिचं बोट ण वर गेलं होतं. ते उचलून तिने न वर नेलं.

"आई, चहा कसा लिहितेस? च्या?"

"हाव, च्या."

"दूध?"

"दूद. ध नाई येत त्याच्यावर, कुठं लपून राह्यते."

"ताक तेवढं बरोबर लिहितेस."

"ताकाले ताकच म्हनतेत. तुमच्या पुन्यात काय म्हनतेत?"

सिस्टर पलीकडून हसली. कल्याणी हसत हसत रडायला लागली, पण थांबली नाही. "कढी? सार? आणखी काय काय घेतेस?"

"आंबील घेतली होती एकडाव. अंबील लिवलं का आंबील, आठवत नाई."

"दोन्ही घालते."

तिने दोन्ही घातलं. मग एक बटण दाबलं आणि फोन आमच्या मधे धरला. कालची, गुरुवारची चौकट लाल झाली. तिने मागचे दिवस एकेक काढले. बुधवार लाल. मंगळवार लाल. सोमवार, रविवार, सगळे लाल. ऑपरेशन झाल्यापासूनचा एकही दिवस हिरवा उरला नाही.

फुलाने मान उचलून पाहिलं.

"लाल झालं?"

"हो."

"म्हंजे मी लय पेली."

"हो, आई."

"पन खोटं नाई बोलली."

"नाही."

"तेवढं लिव त्याच्यात," फुला म्हणाली, आणि मान परत उशीवर टाकली.

थोड्या वेळाने कल्याणी म्हणाली, "काल मी माझ्या हाताने तुला दोनशे पाजलं."

"गोड होतं," फुला म्हणाली. डोळे मिटूनच.

मशीनच्या नळ्यांतून रक्त फिरत होतं. कल्याणीने गाड्यांचं पान बंद केलं. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

*

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आर्वीत वीज गेली होती. दार उघडं ठेवून आम्ही तिघं बसलो. फुलाचे पाय उतरले होते. अंगातलं पाणी गेलं की तहान दुप्पट लागते. ती बोलत नव्हती, पण जीभ सारखी ओठांवर फिरत होती.

"मंग आता किती भेटन?" तिने शेवटी विचारलं.

कल्याणीने फोन बघितला. आता तो खरं सांगत होता. "साठ."

"बस?"

"सकाळपर्यंत बस."

"बरं होतं न मंग," फुला म्हणाली, "तुमचं यंत्र अडानी होतं थे."

आम्ही कुणी हसलो नाही. खरं म्हणजे तिला हसवायचंच होतं, पण आवाजात तहान होती.

कल्याणी उठली. मापाचा पेला घेतला, कपाटातलं ओगराळं काढून परत माठावर ठेवलं, आणि खाली वाकून, पेला डोळ्यांसमोर धरून साठच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. एक थेंब जास्त पडला तो परत माठात झटकला. मग आईपुढे येऊन उकिडवी बसली.

"आई," ती म्हणाली. "पानी घेते का वं?"

लहानपणी विचारायची तशी. कितीतरी वर्षांनी.

फुलाने पेला घेतला नाही. तिने पोरीकडे बघितलं.

"पाणी म्हण," ती म्हणाली. "पुण्याची हायेस न तू. लोक हासतीन."

तिन्ही ण तिने टाळूला जीभ लावून, दाबून, स्पष्ट म्हटले. साहेबांच्या लाल पेनाने दुरुस्त केल्यासारखे. तिला येत होतं. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं की तिला येतं.

कल्याणीने पेला तिच्या ओठांना लावला. फुलाने पाणी तोंडात धरलं, एका गालात, मग दुसऱ्या गालात, आणि गिळलं.

"लिव," ती म्हणाली.

*

याला आता सहा वर्षं झाली. कल्याणी तेव्हापासून महिन्याचे पंधरा दिवस आर्वीत राहायला लागली. फुला पुढची संक्रांत करून गेली. घरी, आपल्या बाजेवर, ओट्यावर ऊन आलेलं असताना. पाण्याने नाही, हृदय थांबलं म्हणाले.

तो तक्ता अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो पुसला नाही, कल्याणीनेही नाही. कधीकधी उघडतो. शेवटचे कितीतरी दिवस हिरवे आहेत. फुलाच्या ओळी आणि माझ्या ओळी लांबूनच ओळखू येतात.

अगदी शेवटची ओळ कल्याणीच्या हातची आहे. त्या दिवशी सकाळी तिने आईच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं, ते गालाला लागून खाली ओघळलं. बाया यायला लागल्या होत्या, मी दारातल्या चपला बाजूला करत होतो. ती कोपऱ्यात फोन घेऊन उभी होती. काय करते ते मी तेव्हा पाहिलं नाही.

पहिल्या रकान्यात लिहिलंय, पानी.

पुढच्या रकान्यात तिने आकडा घातला नाही.